वेळापत्रकाआधीची माहिती-तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस वेळापत्रक समितीवरचे शिक्षक जे प्रश्न पाठवतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे समजायला सोपी जावीत म्हणून सर्वत्र एकच शाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे. ही शाळा पाचवी ते दहावीची आहे, प्रत्येक इयत्तेच्या अ, ब, क अशा तीन तुकड्या आहेत, सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास आणि शनिवारी सकाळी ५ तास भरतात आणि शिक्षक २७ आहेत. म्हणजे १८ तुकड्या आणि आठवड्याला प्रत्येकी ४५ तासिका. आपल्या शाळेचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

१. माहिती तपासायची म्हणजे नेमके काय तपासायचे?

वेळापत्रकासाठी चार याद्या लागतात: तुकडीवार विषय आणि त्यांच्या तासिका, शिक्षकवार कार्यभार, खोल्या-प्रयोगशाळा-मैदान यांची यादी आणि अटींची यादी. आधी प्रत्येक यादी स्वतःपुरती बरोबर आहे का ते पाहावे. मग चारही याद्या एकमेकींशी जुळतात का ते पाहावे, आणि शेवटी सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येणे शक्य तरी आहे का ते तपासावे. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी होते, दुसरी घाईत उरकली जाते आणि तिसरीकडे कोणी वळतच नाही. प्रत्यक्षात जूनमधला बराचसा मनस्ताप तिसऱ्या पायरीवरच जन्माला येतो.

२. सॉफ्टवेअरमध्ये चाचणीचे बटण असते. मग हाताने तपासणी कशासाठी?

सॉफ्टवेअर तुम्ही दिलेल्या माहितीतली विसंगती दाखवू शकते, पण तुमच्या मनात काय होते हे त्याला कळत नाही. सातवी ब मध्ये कलेच्या दोन तासिका हव्या असताना एकच लिहिली गेली आणि भूगोलाची चुकून एक जास्त पडली, तर बेरीज ४५ च राहते आणि चाचणी बिनतक्रार पार पडते. ही चूक उघडकीस येते ती जुलैमध्ये, चित्रकलेचे शिक्षक विचारायला येतात तेव्हा. म्हणून विषयवार तासिकांची यादी शासनाच्या मंजूर तासिका विभागणीशी एकदा माणसानेच, शक्यतो दोघांनी मिळून, एकाने वाचून आणि दुसऱ्याने खूण करून ताडून पाहावी.

३. सर्वांत आधी कोणती बेरीज करावी?

तुकडीची. प्रत्येक तुकडीच्या सर्व विषयांच्या तासिकांची बेरीज बरोबर ४५ आली पाहिजे. ४६ आल्यास वेळापत्रक होणारच नाही, आणि ४४ आल्यास ते होईल पण एक तास वर्ग मोकळा बसेल. परिपाठ काही शाळा पहिल्या तासात धरतात, तर काही तो वेगळा ठेवतात. यांपैकी आपण काय केले आहे ते यादीच्या माथ्यावर लिहून ठेवावे, म्हणजे मागाहून वाद होत नाहीत.

४. १८ गुणिले ४५ म्हणजे ८१०. आमच्या शिक्षकांच्या कार्यभाराची बेरीज मात्र ८१४ येते. चूक आहे का?

असेलच असे नाही, पण तो ४ चा फरक कुठून आला हे तुम्हाला कागदावर दाखवता आले पाहिजे.

नमुना शाळेत नववी आणि दहावीला भाषेच्या तासाला तिन्ही तुकड्या फुटतात आणि मुले चार गटांत बसतात: एक पूर्ण संस्कृतचा, एक पूर्ण हिंदीचा आणि दोन संयुक्तचे. तीन तुकड्यांना त्या वेळी तीनऐवजी चार शिक्षक लागतात. आठवड्याला अशा ४ तासिका आणि इयत्ता दोन, म्हणून ८ तासिका वाढल्या. उलट पाचवी आणि सहावीत ब आणि क या तुकड्यांचे शारीरिक शिक्षणाचे दोन तास एकत्र होतात आणि दोन तुकड्यांना एकच शिक्षक पुरतो, म्हणून ४ तासिका कमी झाल्या. ८१० अधिक ८ उणे ४ म्हणजे ८१४, तेव्हा हिशेब जुळला.

एका वर्षी आमच्याकडे हीच बेरीज ८१२ आली. दोन तासिकांनी असे काय बिघडते, असे म्हणून ती सोडून देण्याचा मोह झाला होता. शेवटी तुकडीवार आणि शिक्षकवार याद्या समोरासमोर ठेवून एकेका ओळीवर पेन्सिलीने खूण करत गेलो, तेव्हा सातवी क च्या संगणकाच्या दोन तासिका तुकडीच्या यादीत होत्या आणि कोणत्याही शिक्षकाच्या नावावर नव्हत्या असे निघाले. दोघा शिक्षकांना त्या दुसऱ्याकडे असल्याचे वाटत होते.

गटांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दोन संयुक्त गटांपैकी एकाचा हिंदीचा तास चालू असताना दुसऱ्याचा संस्कृतचा ठेवला, तर त्या वेळी संस्कृत शिकवणारे दोघे आणि हिंदी शिकवणारे दोघे एकाच वेळी मोकळे लागतात. आपल्याकडे संस्कृतचे शिक्षक मुळात दोन आहेत का, हा प्रश्न तेव्हाच विचारावा. दुसरे म्हणजे तीन तुकड्यांच्या तीन खोल्या असतात आणि चौथ्या गटाला खोली नसते. तो गट ग्रंथालयात बसणार असेल, तर तसे जागांच्या यादीत लिहिलेले असले पाहिजे (प्रश्न १० पाहावा).

५. बेरीज बरोबर आहे, तरी एकाच शिक्षिकेला एकाच वेळी दोन वर्गांत तास लागला. असे कसे होते?

बहुधा त्यांचे नाव दोन प्रकारे लिहिले गेले आहे. एका यादीत ‘कुलकर्णी मॅडम’ आणि दुसरीत ‘श्रीमती कुलकर्णी’ असेल, तर संगणकाच्या लेखी त्या दोन व्यक्ती आहेत. याउलट शाळेत खरोखर दोन कुलकर्णी असतील आणि दोघींना केवळ आडनावाने नोंदवले असेल, तर त्या एकच व्यक्ती ठरतात आणि त्यांचा कार्यभार ६० च्या घरात गेलेला दिसतो. हा दुसरा प्रकार लगेच लक्षात येतो, पहिला येत नाही.

देवनागरीत याहून फसवा प्रकार आहे. ‘कुऱ्हाडे’ यातला अर्धा र काही कळफलक नुक्ता असलेल्या ऱ पासून तयार करतात, तर काही साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी अक्षरे वाटतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, एका ठिकाणी ‘शा. शि.’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘शारीरिक शिक्षण’, एकीकडे मराठी अंक आणि दुसरीकडे इंग्रजी, ही सगळी त्याच कुळातली दुखणी आहेत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी तर नव्या फाइलमध्ये आणताच अगम्य होते, आणि ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुन्हा टंकणे लवकर होते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक शिक्षकाला एक छोटा संकेत द्यावा, तो एकाच यादीत टंकावा आणि बाकी सर्व ठिकाणी नाव न टंकता त्या यादीतून निवडावे. एक्सेल वापरणाऱ्यांनी तुकडीचे नाव इंग्रजी अंकांत ‘आठ-एक’ अशा जोडअंकी धाटणीने लिहू नये, कारण एक्सेल त्याची परस्पर तारीख करून टाकते. लिहायचेच असेल, तर तो स्तंभ आधी मजकुराचा करून घ्यावा.

६. एका शिक्षकाला जास्तीत जास्त किती तासिका देता येतात? कायद्यात ४५ म्हटले आहे ना?

हा गोंधळ दरवर्षी होतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत. मात्र ते घड्याळाचे तास आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळही धरलेला आहे. नमुना शाळेच्या आठवड्यात ४५ तासिका आहेत, हा केवळ योगायोग समजावा. येथे सरासरी कार्यभार ८१४ भागिले २७, म्हणजे तीसच्या किंचित वर पडतो.

तपासणीसाठी पाहायचा आकडा वेगळाच आहे. त्या शिक्षकाला प्रत्यक्षात उपलब्ध असलेल्या जागा किती आणि त्याच्या तासिका किती, याची तुलना करावी. पर्यवेक्षकांचे कार्यालयीन तास, स्काउट-गाईडची वेळ, सभेसाठी राखून ठेवलेला तास हे सर्व उपलब्ध जागांतून आधी वजा करावे.

७. आमचे एक शिक्षक संस्थेच्या दुसऱ्या शाळेतही शिकवतात आणि आमच्याकडे सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारीच येतात. त्यांच्या बाबतीत काय पाहावे?

तीन दिवसांच्या मिळून २४ जागा होतात. त्यांना २२ तासिका दिल्या असतील, तर वरवर सगळे ठीक दिसते. मात्र ‘पहिला तास वर्गशिक्षकाचा’ हा नियम तुमच्याकडे असेल आणि हे शिक्षक वर्गशिक्षक नसतील, तर तिन्ही दिवसांचा पहिला तास त्यांच्या हातून जातो. उरतात २१ जागा, आणि २२ तासिका त्यांत मावत नाहीत. एकेकटी पाहिली तर दोन्ही माहिती निर्दोष आहे. चूक दोघींच्या मध्ये आहे आणि ती एकेक यादी तपासून सापडणार नाही.

दुसरा धोका विषयाच्या विभागणीचा आहे. आठवी अ च्या गणिताच्या ६ तासिका त्यांच्याकडे असतील आणि ‘एका दिवशी एका विषयाचा एकच तास’ ही सर्वसाधारण अट तशीच राहिली असेल, तर तीन दिवसांत फक्त ३ तासिका बसू शकतात. अशा जोडीपुरती अट सैल करून दिवसाला दोन तास चालतील असे नोंदवावे. तसेच दुसऱ्या शाळेचे वेळापत्रक आधी पक्के होणार आहे की आपले, हे दोन्ही मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे.

८. पहिला तास वर्गशिक्षकाचाच हवा, अशी मुख्याध्यापकांची अट आहे. ती पाळता येईल का?

आठवड्यात ६ पहिले तास असतात, तेव्हा प्रत्येक वर्गशिक्षकाकडे स्वतःच्या तुकडीच्या किमान ६ तासिका असल्या पाहिजेत. इतिहासाच्या तीन तासिका घेणारे शिक्षक वर्गशिक्षक असतील, तर अट तिथेच संपते. भाषेचे गट (प्रश्न ४) पहिल्या तासाला कधीच ठेवता येत नाहीत, हेही त्यातूनच निघते. शिवाय १८ वर्गशिक्षक आपापल्या वर्गात असताना उरलेल्या ९ जणांना पहिला तास मिळतच नाही. त्यामुळे त्यांच्या उपलब्ध जागा ४५ वरून ३९ वर येतात, आणि तोच आकडा त्यांच्या कार्यभाराशी ताडून पाहावा. माझ्या मते ही अट सोमवार ते शुक्रवार ठेवावी आणि शनिवारी सोडून द्यावी. हजेरी कोणीही घेऊ शकतो.

९. संगणक कक्षात प्रत्येक तुकडीचा आठवड्याला एक जोड तास हवा आहे. १८ तुकड्यांचे ३६ तास होतात आणि आठवड्यात ४५ आहेत, तरी बसत नाही. का?

कारण जोड तास मध्ये सुट्टी आल्यास तुटतो. नमुना शाळेत तिसऱ्या तासानंतर छोटी सुट्टी आणि पाचव्यानंतर मोठी सुट्टी आहे. म्हणजे दिवसाचे ३, २ आणि ३ असे तुकडे पडतात. तीन तासांच्या तुकड्यात एकच जोड तास बसतो आणि एक तास सुटा उरतो. अशा रीतीने दिवसाला ३ जोड तास मिळतात, चार नव्हे. पाच दिवसांचे १५ झाले. शनिवारी ३ आणि २ असे दोन तुकडे पडतात, त्यांचे २ झाले. एकूण १७ होतात आणि तुकड्या १८ आहेत.

एका जोड तासाने सगळे अडते आणि सॉफ्टवेअर रात्रभर चालवले तरी उत्तर बदलत नाही. एका तुकडीला दोन सुटे तास द्यावेत किंवा छोटी सुट्टी दुसऱ्या तासानंतर आणि मोठी चौथ्यानंतर घ्यावी. तसे केल्यास दिवसाचे २, २ आणि ४ असे भाग पडतात आणि दिवसाला ४ जोड तास मिळतात. घंटेची वेळ बदलणे मुख्याध्यापकांच्या हातात असते, म्हणून हे गणित त्यांच्यासमोर एप्रिलमध्येच मांडलेले बरे. विज्ञान प्रयोगशाळेचा हिशेबही याच रीतीने करावा.

१०. खोल्या आणि मैदान यांची यादी खरोखर लागते का?

प्रत्येक तुकडीला स्वतःची खोली असेल, तर साध्या तासांसाठी लागत नाही. सामाईक जागांसाठी मात्र लागते: संगणक कक्ष, प्रयोगशाळा, चित्रकला कक्ष, मैदान आणि चौथ्या भाषागटाची खोली. मैदानावर एका वेळी किती तुकड्या मावतात, हे क्रीडाशिक्षकांना विचारूनच लिहावे. भर दुपारच्या उन्हात मैदानाचा तास नको असेल, तर त्या अटीनंतर किती जागा उरतात तेही त्याच वेळी मोजावे.

११. शनिवारी गणित, विज्ञान आणि इंग्रजी नको, असे पालक-शिक्षक संघाने सुचवले आहे. अट घालावी का?

आधी हजेरीपटावरची माणसे मोजावीत. शनिवारी कोणत्याही क्षणी १८ तुकड्यांसमोर १८ शिक्षक उभे असायला हवेत. नमुना शाळेत हे तीन विषयच शिकवणारे ११ जण आहेत आणि बाकीचे १६. मैदानावर कोणतेही दोन वर्ग एकत्र केले नाहीत, तर प्रत्येक तासाला दोन वर्ग शिक्षकाविना राहतात. अट ऐकायला निरुपद्रवी वाटते, पण ती पाळणे अशक्य आहे. ‘शनिवारी या तीन विषयांपैकी जास्तीत जास्त दोन’ अशी ती सैल केली तर सहज बसते. अमुक दिवशी अमुक नको, असे म्हणणारी प्रत्येक अट याच मोजणीतून न्यावी: नको असलेले वगळल्यावर वर्ग सांभाळायला पुरेशी माणसे उरतात का?

१२. सगळ्या बेरजा बरोबर आहेत, तरीही वेळापत्रक पूर्ण होत नाही. मग चूक कुठे शोधावी?

यामागचे गणित थोडक्यात सांगतो. हंगेरीचे गणिती डेनेस कोनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या एका प्रमेयातून असे निघते की, कोणत्याही तुकडीच्या आणि कोणत्याही शिक्षकाच्या तासिका ४५ च्या वर जात नसतील आणि दुसरी एकही अट नसेल, तर वेळापत्रक हमखास तयार होते. म्हणजे नुसत्या बेरजा बरोबर असणे पुरेसे असते, पण अटी नसतील तरच. शिक्षकांच्या उपलब्धतेवर बंधने आली की हा प्रश्न संगणकासाठीही अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात जातो, हे शिमोन ईव्हन, अलोन इताई आणि आदि शामीर यांनी १९७६ मध्ये दाखवले. यांतले शामीर म्हणजे आरएसए या सांकेतिक लेखन पद्धतीच्या तीन जनकांपैकी एक.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, आधी सर्व अटी काढून वेळापत्रक चालवून पाहावे. तेही अडले, तर चूक बेरजांत किंवा भाषेच्या गटांत आहे. झाले, तर अटी एकेक करून परत घालाव्यात. आधी ज्यांत कोणाचाच इलाज चालत नाही अशा घालाव्यात, जसे दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या शिक्षकांचे दिवस. मग जागांच्या, आणि सर्वांत शेवटी आवडीनिवडीच्या. ज्या अटीपाशी गाडी थांबेल, ती अट आणि तिच्याआधीची एखादी अट एकमेकींना छेद देत असतात.

१३. सॉफ्टवेअर नववी ब च्या भूगोलापाशी थांबते. भूगोलाच्या माहितीत काही चुकले आहे का?

बहुधा नाही. एफईटीसारखी सॉफ्टवेअर कोणते तास बसवणे जड जात आहे ते दाखवतात, पण जो तास शेवटी उरतो तो अनेकदा निरपराध असतो. गच्च भरलेल्या एसटीत शेवटच्या थांब्यावर चढू न शकलेल्या प्रवाशामुळे गाडी भरलेली नसते. नववी ब मधील कोणत्या शिक्षकांच्या जागा सर्वांत कमी आहेत ते पाहावे आणि प्रश्न ७, ८ व ९ मधील मोजण्या त्या तुकडीपुरत्या करून बघाव्यात.

१४. एक पद रिक्त आहे. त्या तासिका सध्या सोडून द्याव्यात का?

सोडू नयेत. ‘रिक्त पद १’ अशा नावाने शिक्षकाची नोंद करून त्या तासिका त्या नावावर घालाव्यात. पुढे तासिका तत्त्वावर कोणी आले किंवा समायोजनाने शिक्षक मिळाले, तर फक्त नाव बदलावे लागते. नवीन व्यक्ती अर्ध्या दिवसासाठीच येण्याची शक्यता असेल, तर त्या नावाची उपलब्धता आधीच तेवढी मर्यादित ठेवावी.

१५. तासिकेची लांबीही तपासायची का?

होय, आणि हे हमखास राहून जाते. वर उल्लेख केलेल्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. ४५ तासिका सरासरी ३५ मिनिटांच्या धरल्या, तर आठवड्याला सव्वासव्वीस तास होतात. सहा दिवसांचा आठवडा धरून २२० दिवसांचे हे सुमारे ९६२ तास भरतात आणि सहावी ते आठवीला ते कमी पडतात. सोमवार ते शुक्रवार ४० मिनिटे आणि शनिवारी ३० मिनिटे धरली, तर बेरीज १०६९ च्या आसपास जाते.

१६. तपासणी झाल्यावर सह्या घ्याव्यात का?

अवश्य घ्याव्यात. प्रत्येक शिक्षकाला तुकडी, विषय, तासिका, उपलब्ध दिवस आणि एकूण बेरीज एवढेच असलेले अर्ध्या पानाचे कार्यभार पत्रक द्यावे आणि दोन दिवसांत सही करून परत मागावे. स्टाफरूममध्ये एकच मोठी यादी लावून ‘सर्वांनी पाहून घ्यावे’ असे म्हटल्यास कोणी पाहत नाही. सह्यांनंतर होणारा प्रत्येक बदल तारखेसह एकाच वहीत लिहावा आणि फाइल एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी.

१७. मागच्या वर्षीचीच फाइल घेऊन नावे बदलली तर चालेल का?

चालते, आणि बहुतेक शाळा तसेच करतात. मात्र अटींची यादी कोरी करून पुन्हा भरावी, कारण नावे बदलली तरी अटी मागे राहतात. आमच्या फाइलमध्ये एका जागेवर ‘मंगळवारी पहिले दोन तास नकोत’ अशी नोंद वर्षानुवर्षे होती. ती ज्या बाईंसाठी घातली होती, त्यांना तेव्हा उपचारासाठी दवाखान्यात जावे लागत असे. त्या बऱ्या झाल्या, पुढे निवृत्तही झाल्या, आणि त्यांच्या नावाच्या जागी नव्या शिक्षिकेचे नाव आले. नव्या बाई दर मंगळवारी पहिले दोन तास स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसत असत आणि आपल्याला ही सवलत कोणी दिली, हे त्यांनी तीन वर्षे कोणाला विचारले नाही.